जागचा न हललेला खड्डा

सोमवार, ३ फेब्रुवारी

खड्डा आला! पहिल्याच दिवशी! ०.२९. ताईचा ०.२७ होता.

खुर्चीवरून उठले, टेबलाभोवतीचा काळा पडदा उगाचच सारखा केला, परत बसले. आलेख तसाच. मधोमध शून्यावर खोल, दोन्ही बाजूंना सपाट. हुबेहूब ताईच्या प्रबंधातल्या चित्रासारखा. ते चित्र बाबांनी फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात — ‘ही आमच्या थोरलीची दरी.’

गेला आठवडाभर जीव टांगणीला लागला होता. दुसऱ्या एका लॅबने आमच्या गाईड मॅडमना कळवलं — तुमच्याच हिऱ्याच्या भुकटीतले कण घेतले, आम्हाला खड्डा मिळत नाही, काय चुकतंय सांगता का? फार सभ्यपणे विचारलंय, पण अर्थ सरळ आहे. मॅडम चष्मा पुसत मला म्हणाल्या, ‘तू करून बघ. त्याच टेबलावर, त्याच जुन्या मोजणी कार्डवर, ताईने केलं तस्संच.’ नवं यंत्र तसंही दुरुस्तीला गेलंय. आणि मी म्हणजे तिचीच धाकटी बहीण, तिच्याच लॅबमध्ये, तिच्याच खुर्चीत. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

परवा बाबांना हे सगळं समजावताना माझीच त्रेधा उडाली, म्हणून एकदा सरळ लिहून काढते. बल्बचा प्रकाश कसाही येतो — कधी एकटा, कधी घोळक्याने. हिऱ्याचा एक बारीक कण मात्र लेसरने चेतवला की एका वेळी एकच फोटॉन सोडतो. निदान चांगला कण तरी. त्याच्या वाटेत अर्धा आरसा ठेवायचा — निम्मा प्रकाश आरपार, निम्मा बाजूला. दोन्हीकडे एकेक डिटेक्टर. फोटॉन पोचला की टिक. प्रकाश खरोखर एकेक येत असेल तर दोन्हीकडे एकाच क्षणी टिक होणारच नाही. म्हणून आलेखात ‘एकाच क्षणी’ या जागेवर, म्हणजे शून्यावर, खड्डा. खड्डाच नसला, तर आकडा १ — म्हणजे बल्बसारखा साधा प्रकाश. अर्ध्याच्या खाली गेला — म्हणजे एकेक येणारा, जुन्या नियमांत न बसणारा.

बाबा म्हणाले, ‘म्हणजे एका माणसाला दोन दारांतून एकदम बाहेर पडता येत नाही. यात मोजायचं काय?’

ताईची नोकरी मार्चच्या सुरुवातीला कायम व्हायची आहे. समितीपुढे तिचं सगळ्यात मोठं काम म्हणून हाच खड्डा आहे. तिला मेसेज टाकला, ‘आला!’ लगेच उत्तर — ‘येणारच होता. उगाच जीव खात होतीस स्वतःचा.’

आज झोप लागेल.


मंगळवार, ४ फेब्रुवारी

कण डबीत होता.

सकाळी कणाची काच काढून ठेवायला गेले तर धारकात नुसती कोरी काच. कणाची काच कपाटात, डबीत, शनिवारी ठेवली होती तिथेच. मी लावलीच नव्हती! मग काल मोजलं काय? पडद्याच्या आत वाकून बघितलं तर टेबल लॅम्प. कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, कालपासून चालूच. त्याचा उजेड काचेवर पडून डिटेक्टरमध्ये जात होता.

म्हणजे काल टेबल लॅम्पने खड्डा दिला.

टेबल लॅम्पला खड्डा येत नाही. येऊच शकत नाही.


बुधवार, ५ फेब्रुवारी

आज मुद्दाम केलं. कण नाही, लेसर बंद, फक्त लॅम्प. ०.३०.

लॅम्पवर रुमाल टाकला. ०.२८. रुमालाची घडी करून टाकला. ०.३१. मग मोबाइलची टॉर्च — तीही एकेक फोटॉन सोडते म्हणे! या हिशेबाने आमच्या स्वयंपाकघरातला दिवासुद्धा क्वांटम आहे. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत झालं असतं तर पोट धरून हसले असते.

काय होत असावं ते दुपारी लक्षात आलं. दोन्ही डिटेक्टरच्या टिक एकाच कार्डात जातात. आमचं हे म्हातारं — कार्डाला सगळे म्हातारंच म्हणतात — एक टिक नोंदवताना क्षणभर डुलकी घेतं. तेवढ्यात दुसरी टिक आली तर बहुतेक वेळा गिळून टाकतं. म्हणजे ‘एकाच क्षणी’ आलेल्या टिक कार्डच खातं आणि आलेखात आयता खड्डा पडतो. प्रकाश कुठलाही असो. आणि म्हाताऱ्याच्या डुलकीची लांबी हिऱ्याच्या खड्ड्याच्या रुंदीशी नेमकी जुळते, त्यामुळे नुसतं बघून कुणाला शंका येणार नाही.

ताईच्या वेळीही हेच म्हातारं होतं.

जेवण गेलं नाही. बाबांना वाटलं कुणाशी भांडून आले.


गुरुवार, ६ फेब्रुवारी

ताईला फोन केला. दोन वाक्यांत सांगायचं ठरवून बसले होते, वीस वाक्यं झाली.

ती शांत. ‘अगं, लॅम्प लावलास म्हणजे उजेड किती गेला आत? एवढ्या माऱ्यात कार्ड गुदमरणारच. माझी मोजणी मंद प्रकाशात होती.’ मी म्हटलं, घडी केलेला रुमाल टाकूनही तेवढाच आला. ‘रुमाल म्हणजे काय फिल्टर आहे का? शेंबूड पुसायच्या वस्तूने मोजणी करायला मी शिकवलं तुला?’

हसले मी. तिच्याशी बोललं की नेहमी असंच होतं — निम्मं ओझं तीच उचलते. लहानपणी माझं दप्तरसुद्धा तीच घ्यायची.

मग म्हणाली, ‘मॅडमना सांगितलंस?’ नाही म्हटलं. ‘सांग. पण आधी स्वतःची खात्री कर. अर्धवट काहीतरी बोलून ठेवू नकोस. आणि हे बघ, मी रविवारी येतेच आहे.’

येणार असल्याचं आधी काही बोलली नव्हती. बाबा खूश आहेत.


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

मीच कुठेतरी माती खाल्ली असणार. ताई अशी चूक करणारच नाही. मला पहिल्या दिवशी हातात पाना देऊन जिने सांगितलं, ‘आधी शून्य कुठे आहे ते शोध, मग बाकीचं,’ ती?

दिवसभर आरसे पुसले. कण शोधून धरला. खड्डा आहेच — पण आता त्याचं काय करू? तो कणाचा की म्हाताऱ्याचा?


रविवार, ९ फेब्रुवारी

ताई आली की घरात वारं शिरतं. चहा होईपर्यंत तिने फुटकी बादली बाहेर काढली, दारातलं पायपुसणं बदललं, बाबांच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या वेचून टाकल्या. ‘तुम्ही दोघं म्हणजे गोदाम आहात नुसतं.’ येताना सगळ्याच्या नव्या वस्तू घेऊन आली होती. बाल्कनीसाठी नायलॉनची दोरीसुद्धा.

‘ही जुनी काढू या,’ म्हणाली. बाबांनी आडवा हात घातला. ती दोरी तिनेच बांधलेली, इथून नोकरीला जायच्या आदल्या वर्षी. बाल्कनीत पाच पदर येतील एवढी लांब, अजून कुठे सैल नाही. पहिल्याच आठवड्यात बाबांच्या पांढऱ्या शर्टांवर काळे पट्टे उठले, म्हणून त्यांनी आईच्या जुन्या चादरीच्या पट्ट्या कापून दोरीला या टोकापासून त्या टोकापर्यंत गवसणी शिवली. आठवडाभर मशीन चालवत होते. ‘माझी मेहनत आहे त्यात. आणि आज तिच्यावर धुणं आहे, ओलं कुठे टाकू?’ ताई म्हणाली, ‘बरं बाबा, राहिलं. पण पुढच्या धुण्याच्या आत बदला. मी जाताना टाकून गेले असते.’ बाबा म्हणाले, ‘एवढी घाई तर तू सासरीसुद्धा करत नसशील.’

जेवण झाल्यावर बाबा आडवे झाले, आम्ही दोघी स्वयंपाकघरात. मी तिला लांब केबलचं सांगितलं. आदल्या दिवशीच डोक्यात आलं होतं — एका डिटेक्टरची टिक लांब केबलमधून फिरवून आणायची, म्हणजे ती उशिरा पोचते. खड्डा खरा, प्रकाशाचा असेल तर तो आलेखात तेवढाच बाजूला सरकेल. म्हाताऱ्याच्या डुलकीचा असेल तर शून्यावरच बसून राहील. एका दिवसात दूध का दूध.

ताई भांडी पुसत होती. ‘बरोबर आहे,’ म्हणाली. ‘हे मला माहीत नव्हतं असं वाटतं का तुला? पण लांब केबल होती कुठे तेव्हा? सगळ्या दोन-दोन मीटरच्या. मागून मागून थकले. मिळाली असती तर लावली नसती का?’

मी म्हटलं, हो ना.

मग बराच वेळ तीच पातेली परत पुसत राहिली. म्हणाली, ‘मार्चमध्ये कायम झाले नाही तर माहितीय ना? परत सुरुवातीपासून. या वयात कोण घेणार मला?’ तिचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मला रडू आलं, तिला नाही.


सोमवार, १० फेब्रुवारी

मॅडमना सांगायला गेले. त्या मीटिंगमध्ये. परत आले. देवच पावला म्हणायचं — आणि असं वाटल्याची लाज वाटली.


मंगळवार, ११ फेब्रुवारी

सांगितलं. एका दमात. लॅम्प, रुमाल, म्हातारं, सगळं.

मॅडमनी चष्मा काढला. पुसला. घातला. परत काढला. लॅबमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे, दोनदा चष्मा निघाला की खैर नाही. पण त्या ओरडल्या नाहीत. ‘त्या पेपरवर माझंही नाव आहे,’ एवढंच म्हणाल्या. मग, ‘लांब केबल लाव. ती होती ना एक?’

मी म्हटलं, ताई म्हणते नव्हती.

वर्कशॉपवाल्या काकांना बोलावलं. काका म्हणाले, ‘वीस मीटरची एक केली होती मी. दोन्ही टोकांना लाल टेप लावून, मीटर लिहून. तुमच्या ताईंच्याच वेळी. पण कुणी मागितली होती, कुणी नेली, ते काही आठवत नाही. माझ्याकडून दिवसाला दहा जण काहीबाही नेतात.’ मॅडम म्हणाल्या, ‘तेव्हा शेजारच्या लॅबवाले आपल्या वस्तू सर्रास उचलायचे. त्यांनीच नेली असेल.’

संपूर्ण दुपार कपाटं उपसली. जुन्या लेन्स, मेलेली बॅटरी, कुणाचा तरी चप्पलजोड. लाल टेपवालं काही नाही. शेजारच्या लॅबमध्येही नाही. काका नवी करून देतील, पण कनेक्टर संपलेत, मागवावे लागतील.

निघताना मॅडमनी थांबवलं. ‘एक लक्षात ठेव. खड्डा खोटा निघाला तर निघाला. आपण दुरुस्ती छापू. चुका सगळ्यांच्या होतात, माझ्याही छापून आल्यात. समिती चूक पोटात घालेल. पण तिला तेव्हाच कळलं होतं आणि तरी छापलं, असं निघालं तर मी काही करू शकणार नाही. कुणीच नाही.’

म्हटलं, ‘मॅडम, ताई?’

‘मी फक्त सांगून ठेवलं,’ म्हणाल्या.


बुधवार, १२ फेब्रुवारी

कनेक्टर आले नाहीत.


गुरुवार, १३ फेब्रुवारी

नाही आले. काकांच्या दारात माझी तिसरी फेरी. ‘मुली, मी काय ते अंगातून काढू?’


शनिवार, १५ फेब्रुवारी

बाबांना अजून काही सांगितलेलं नाही. आज पाहुणे आले होते, त्यांना फ्रेमसमोर उभं करून दरीची गोष्ट सांगत होते. मी आत जाऊन नळ मोठा सोडला.

मनात एक घाण विचार येऊन गेला. येऊन गेला म्हणजे काय, दोन-तीनदा आला. ताईच्या वेळी केली होती ना ती केबल? मग ताईला कशी माहीत नाही? लगेच स्वतःलाच झापलं. काकांना काल काय जेवलो ते आठवत नाही. आणि ती माझी बहीण आहे. माझ्या प्रवेशाच्या वेळी तीन रांगांत माझ्या वतीने उभी राहिलेली बाई. तिच्यावर संशय घ्यायचा तर उरलं कोण मग?


सोमवार, १७ फेब्रुवारी

केबल हातात आली. वीस मीटर, काळी, वेटोळं घालून ठेवलेली. काकांनी हिलाही लाल टेप लावलीय, दोन्ही टोकांना, त्यावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात ‘२० मी.’ उद्या लावते.


मंगळवार, १८ फेब्रुवारी

तीन वेळा तपासलं की कण धारकात आहे. लॅम्पचा बल्ब काढून खिशात ठेवला. खरंच खिशात. नंतर मॅडम हसल्या.

केबल लावली. मोजणी सुरू. वीस मीटर म्हणजे शंभर नॅनोसेकंद उशीर. खड्डा खरा असेल तर शंभरावर दिसायला हवा.

आधी काहीच कळत नाही, नुसता गवतासारखा खालीवर आलेख. मॅडम माझ्यामागे उभ्या. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग हळूहळू आकार धरायला लागला. मी मनात म्हणत होते, सरक. सरक ना! एवढं एकच कर, जरासं सरक.

नाही सरकला. शून्यावर. जागच्या जागी, तेवढाच खोल, तेवढाच देखणा.

मॅडमनी शंभरच्या जागेवर बोट ठेवलं. ‘इथे बघ.’ तिथे एक खळगा होता, खड्डा म्हणायचीही लाज वाटावी असा. ०.८६. म्हणजे प्रकाश अगदीच बल्बसारखा नाही, पण तो एका कणाचाही नाही. सात-आठ जण एकत्र बसून टिक देतायत. ताईचा ‘एकेक फोटॉन’ कधी नव्हताच.

मॅडम म्हणाल्या, ‘झालं,’ आणि चष्मा काढलाच नाही.

मी बाहेर जिन्यावर जाऊन बसले. ताईची नोकरी माझ्या हातून जाणार. माझ्याच हातून! दुसऱ्या कुणाला का नाही दिलं हे काम?


बुधवार, १९ फेब्रुवारी

ताईला फोन. ‘नाही सरकला,’ म्हटलं.

ती म्हणाली, ‘जेवलीस का तू?’

नाही म्हटलं. ‘जेव आधी,’ म्हणाली आणि ठेवला.


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

मॅडमनी ताईला स्क्रीनवर बोलावलं, मलाही बसवलं. ताईने केस घट्ट बांधले होते, परीक्षेला बांधायची तसे.

मॅडमनी दोन्ही आलेख दाखवले. मग सरळ विचारलं, ‘तू तेव्हा केबल बदलून बघितलं होतंस का?’

‘नाही मॅडम. लांब केबल नव्हतीच. काकांनी केली असेल तर माझ्यापर्यंत आली नाही. मी आग्रह धरायला हवा होता, ती माझी चूक.’

मी तिच्याकडे बघत होते. पापणीही हलली नाही. मला इतकं बरं वाटलं की खुर्चीत पाठ टेकली. मॅडम म्हणाल्या, ‘ठीक. मग ही प्रामाणिक चूक आहे. मी तसं लिहून देते.’ ताई म्हणाली, ‘समितीला मीच कळवते आधी. दुसऱ्यांकडून कळायच्या आत.’

हे ऐकून मॅडमच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जीव आला. ‘तुला मी उगाच नाही घेतलं होतं,’ म्हणाल्या.


शनिवार, २२ फेब्रुवारी

बाबांना सांगितलं. ऐकून घेतलं सगळं. मग उठले, फ्रेम काढली, फडक्याने पुसली आणि परत होती तिथेच लावली. ‘दरी नाही तर नाही. चित्र चांगलं आहे.’

थोड्या वेळाने आतून आवाज — ‘आणि तिने स्वतःहून सांगितलं ना? बास.’


गुरुवार, २७ फेब्रुवारी

समितीची बैठक सोमवारी. ताई फोन उचलत नाही, मेसेजला नुसता अंगठा. आज लॅबमध्ये दोनदा चुकीचा लेसर चालू केला.


सोमवार, ३ मार्च

ताई कायम झाली!

तिच्या तोंडून ऐकलं तरी मी दोनदा विचारलं. समितीतल्या एका वयस्कर बाईंनी म्हणे सगळ्यांसमोर सांगितलं — स्वतःचा गाजलेला निकाल स्वतः मोडीत काढून दाखवणारी माणसं आम्हाला हवीत. साधन हाताशी नव्हतं हा त्यांचा दोष नाही.

ताई रडत होती. या सबंध महिन्यात पहिल्यांदा. ‘तुझ्यामुळे वाचले,’ म्हणत होती. माझ्यामुळे? मी तर तिला बुडवायला निघाले होते. बाबांनी फोन हिसकावून घेतला आणि काहीतरी बोलायच्या ऐवजी नुसते खोकत बसले.

महिनाभराचा जीव आज जागेवर आला. त्या घाण विचाराबद्दल तिची माफी मागणार आहे. आता नाही, पुढे कधीतरी, दोघी म्हाताऱ्या झाल्यावर, हसत हसत. आज सांगायची हिंमत नाही.


बुधवार, ५ मार्च

ढाराढूर झोपले. भूक लागली. खळग्याचं — ०.८६ चं — मॅडम म्हणाल्या तेही छापू. थोडंसं वेगळेपण हेही वेगळेपणच आहे. म्हाताऱ्याला निवृत्त केलं, काकांनी त्याच्यावर कापड घातलं.


रविवार, ९ मार्च

सकाळी ताईचा मेसेज — ‘नवी दोरी बांधलीस का गं? जुनी टाकून दे, ठेवू नकोस.’ म्हटलं, तिचं एवढं तरी ऐकू. धुणं व्हायच्या आत काढायला घेतली.

गाठ सुटेना, म्हणून बाबांनी घातलेली टोकाची शिवण उसवली. आत काळी केबल. टोकाला कनेक्टर. त्याच्या खाली लाल टेप, फिकी पडलेली. काकांचं अक्षर — ‘२० मी.’

दुसऱ्या टोकालाही.

बाबा कचऱ्याची पिशवी घेऊन दारात उभे होते. ‘दे इकडे, खाली जातोच आहे तर टाकतो.’

नको म्हटलं. राहू दे.